आवक, जावक

नोटीस चिकटवायला मी गव्हाच्या पिठाची खळ वापरतो.
डिंकाचं बिल मंजूर होत नाही,
पीठ घरून आणलं तर कुणी विचारत नाही.
चूक तिथूनच सुरू झाली.

भूममध्ये, खवाभट्टीच्या बोळात, चांदबींच्या दाराला
मंगळवारी लावला कागद:
विनापरवाना पत्र्याचे शेड, लांबी नऊ फूट, रुंदी सहा,
सात दिवसांत स्वतःहून काढून घ्यावे, अन्यथा.
अन्यथाच्या पुढं बरंच असतं,
पण लोक तिथंच वाचायचं थांबतात.

बुधवारी गेलो तर कागद नाही.
भिंतीवर चार कोपरे तेवढे राहिलेले,
आणि खाली उभी काळीभोर, लांब कानांची गाभण शेळी,
मुख्याधिकाऱ्यांची सही चघळत.

"फाडला म्हणून लिहू नका जी," चांदबी म्हणाल्या,
"मी हातबी लावला नाही.
शेड तिच्यासाठी बांधलं, नोटीस तिला पोचली."

पोच मिळाली असं लिहावं का,
हे मी सिद्रामअप्पांना विचारलं.
अप्पा ओव्हरसियर. तेवीस वर्षं हातात टेप.
भिंतीकडं बघून आधी फूट सांगतात, मग मोजतात.
त्यांनी वर न बघता सांगितलं: मोकाट जनावर.
कोंडवाडा.

जुन्या जकात नाक्यामागं आमचा कोंडवाडा.
आत आधीच दोन गाढवं,
मालक वीटभट्टीवर, कर्नाटकात.
पूर्वेच्या भिंतीला पोट सुटलेलं, पोळ्यापासून.
अशी भिंत कुणाच्या घराची असती
तर मीच लावला असता लाल शाईचा कागद:
जीवित अथवा वित्तहानी झाल्यास
जबाबदारी आपली राहील.
इथं आपली म्हणजे
आपलीच.

रजिस्टरात लिहिलं: आवक, शेळी, काळी, एक.

रात्री अडीचला ती ओरडली.
कंदील नव्हता, मोबाईल दातांत धरला.
पहिलं सरळ आलं, दुसऱ्याचा पाय अडकला,
आणि मला, ज्याला घरच्या बाळंतपणात
दाराबाहेर उभं केलं होतं,
आत हात घालावा लागला.
पुसायला फडकं कुठलं?
न पोचलेल्या नोटिसांचा गठ्ठा होता.
घरपट्टी थकबाकीवाल्या सात जणांवर
दोन पिल्लं कोरडी झाली.
बाकीचं तिनं चाटून घेतलं.
गाढवं बघत होती. काही बोलली नाहीत.

सकाळी चांदबी आल्या, पदराच्या गाठीत दंड.
दंड प्रति जनावर.
मोजणारे तिघं, बाबू, अप्पा आणि मी,
आणि जनावरंही तीन, पण गाठीत एकाचेच पैसे.
बाबू म्हणाला, जन्मनोंदणी वरच्या मजल्यावर.
कुणी हसलं नाही, म्हणून तोच हसला.

अप्पांनी नियमाचं पुस्तक काढलं.
बोट फिरवत फिरवत एका शब्दावर थांबलं.
"कोंडवाड्यात *आणलेले* जनावर.
ही आणलेली नाहीत. आलेली आहेत."
पुस्तक मिटलं, चष्मा पुसला,
आणि पिल्लं ज्या भिंतीला टेकली होती
तिच्याकडं बघून म्हणाले, "साडेसात फूट."
मोजली. साडेसात.
टेप गुंडाळताना त्यांचा हात हळू झाला.
"पिल्लं आधी बाहेर घे," म्हणाले.

जावक: तीन.
बेरीज जुळत नाही. लेखापरीक्षणाला बघू.

शेडचे चार दिवस उरलेत अजून, दया म्हणून काही मिटत नाही.
चांदबींना लिहिता येत नाही, अर्ज मीच भरला.
बांधकाम परवाना. बांधकामाचा वापर: निवासी.
राहणारे: तीन.
नकाशा जोडायचा असतो, तो मी रेघांनी काढला,
एक कोपरा वाकडा आला.

अर्ज आता साहेबांच्या टेबलावर आहे.
पंख्यानं उडतो.
अर्जावर वजन ठेवल्याशिवाय इथं काही हलत नाही, म्हणतात.
मी ठेवलंय:
पूर्वेच्या भिंतीतून निसटलेला दगड.