दंडघेर

परुळकर वहिनी म्हणाल्या, बाही कोपरापर्यंत हवी.
पोरगी काहीच बोलली नाही.
मी टेप दंडाभोवती फिरवला तर मध्ये आलं
दोन रुपयांच्या नाण्याएवढं पांढरं काहीतरी,
कातडीला चिकटलेलं,
चुकीच्या जागी लागलेल्या बटणासारखं.

'ते काढू नका मावशी, चौदा दिवस राहतं,' जुईली म्हणाली.
आत केसाएवढी तार आहे,
दर पाच मिनिटांनी साखर मोजते, फोनला कळवते.
वहिनी दाराकडे बघत होत्या,
काळाचौकीच्या रस्त्यावरून
व्याह्यांच्या ओळखीचं कुणी जातंय का, तसं.

साडेदहा, मी वहीत लिहिलं.
बटणावरून मोजलं की बटण सोडून, ते लिहिलं नाही.

दुसऱ्या फेरीत कच्च्या शिलाईत उभी होती,
पाठीला सतरा टाचण्या,
आणि फोन ओरडला.
एकसष्ट. बाण खाली.
तिचे हात थरथरायच्या आधी त्याला कळलं होतं.
वहिनींनी पर्स उपडी केली:
पत्रिका, सोनाराची पावती, हॉलवाल्याचं कार्ड.
गोळ्या घरी.
आणि माझ्या दुकानात आठ वर्षं साखर नाही,
चहासुद्धा तसलाच.

गळ्यातला टेप तसाच घेऊन धावले
झेरॉक्सवाल्या गंगरकडे,
बरणीतून मूठभर लिमलेटच्या गोळ्या,
पैसे नंतर.

मग पंधरा मिनिटं.
ती स्टुलावर ताठ, टाचण्यांमुळे टेकता येईना,
गालात नारिंगी गोळी,
आणि आम्ही तिघी फोनकडे बघत.
अठ्ठावन्न.
'हे थोडं मागे असतं,' ती म्हणाली,
'रक्तात चढते आधी, याला कळतं उशिरा.'
वहिनी खाली बघून म्हणाल्या,
'सातवीत होती. सारखी पाणी पाणी करायची.
उन्हाळाय म्हणून मी माठ बदलला.'

सत्तर.
एक्क्याऐंशी, बाण आडवा.

तेव्हा जुईलीनं बोट ठेवलं दंडावर, बटणाच्याही वर.
'बाही इथपर्यंत.'
'अगं, फोटोत दिसेल ते.'
'दिसू दे.'
'मुलाला माहितीये?' मी विचारलं.
नको होतं विचारायला.
'त्याच्याही फोनवर वाजतं, मावशी,' ती म्हणाली,
आणि तेवढ्यात आलाच त्याचा फोन, ऐरोलीहून.
नमस्कार नाही, काही नाही.
'खाल्लंस का?'

वहिनींनी नाक पुसलं.
'साडेतीन इंच तरी ठेवा हो,' मला म्हणाल्या.
मी तीन कापली.
दंडाशी माया जरा जास्त सोडली.
आमच्यात माया म्हणजे
शिवणीच्या आत राहिलेलं, बाहेरून न दिसणारं कापड,
पुढे कधी उसवून सैल करता यावं म्हणून.

रात्री शटर अर्धं ओढून माझं यंत्र काढलं.
टोचून घ्यायला मला सुई नवी नाही,
बोटं इतकी निबर की रक्त येईना,
करंगळीतून निघालं शेवटी.
दोनशे चौदा.
मापाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.
त्याच्या वरचा आकडा दिवाळीतला.
मधल्या महिन्यांत कुठे चढले, कुठे घसरले,
कुणाच्याच फोनवर वाजलं नाही.

मग सहज, दिवा घालवायच्या आधी,
टेप स्वतःच्या दंडाभोवती फिरवला.
एका हातानं नीट धरता येत नाही.
तेरा.
सैल धरला तर साडेतेरा.