बर्फ समजा

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात, भर मे महिन्यात,
डांबर चपलेला चिकटत असताना
मुळीक सुभेदारांनी पोतंभर फक्की जमिनीवर ओतली,
पायानं पसरली
आणि म्हणाले, हा बर्फ समजा.

आम्ही हसलो. नौशाद जरा जास्तच.
त्याच्या ट्रेलरवर चाकणचा ट्रान्सफॉर्मर, लेहला जायचा.

आधी सपाट जागा बघा.
हँडब्रेक. चाकामागं लाकडाचा ठोकळा.
इंजिन बंद, किल्ली खिशात,
तुमच्या खिशात, क्लीनरच्या नव्हे.
साखळी भुईवर लांब करून पीळ काढा,
राहिलेला पीळ टायर खातो.
आकड्याचं टोक बाहेर.
आतली कडी पहिली अडकवायची,
तिथं डोळे पोचत नाहीत, हातानंच बघावं लागतं.

लोखंड इतकं तापलं होतं
की फडक्याशिवाय धरवेना.
तिकडं उलटं, सुभेदार म्हणाले,
गार लोखंड कातडी सोडत नाही.
आणि हातमोजा काढला.
उजवीकडं दोन बोटं नव्हती.

थंडीनं? नौशादनं विचारलं.

नाही. किल्ली क्लीनरकडं होती.

मग पुढचं कुणी मध्ये न बोलता ऐकलं:
थोडं चालवून थांबायचं, उतरायचं, पुन्हा आवळायचं.
घाई असली तरी. घाई असली तर नक्कीच.

दिवे लागले तेव्हा
आमच्या पोटऱ्यांपर्यंत फक्की चढली होती,
कबड्डीतून आल्यासारखी.
नौशादनं साखळी सातव्यांदा उतरवली,
खिसा चाचपला,
पुन्हा चाचपला,
मग चाकाखाली वाकला.