कूस

तक्रार एका पानाची आहे.
सायनच्या इस्पितळात ड्रेसिंग करणाऱ्या
सिस्टर आल्मेडांनी लिहिलीय. शेवटचं वाक्य अधोरेखित:
ही जखम एका रात्रीत झालेली नाही.

चेंबूर, मैसूर कॉलनीच्या मागे, ‘सायंतारा’.
दुसरा मजला, लिफ्टला कुलूप.
व्यवस्थापक पाटणकर चहा मागवतात,
फाईल पुढे सरकवतात, आणि फाईल सुंदर आहे.
दर दोन तासांनी कूस बदलली: डावी, पाठ, उजवी,
दोन, चार, सहा, आठ,
निळ्या शाईच्या खुणा, टाचणीसारख्या टोकदार,
एकाही ठिकाणी शाई पसरलेली नाही.
इतकी नीटनेटकी रात्र
मी बत्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही.

खाट क्रमांक अकरा. इंदुमती रेडकर, वय एक्याऐंशी,
पूर्वी फाउंटनच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या.
हाक मारायच्या घंटीची दोरी
खिळ्याला गुंडाळलेली, हात पोचणार नाही अशी.
हवेच्या गादीत हवा नाही.
पंपाची पिन काढून तिथं
डासांचं मशीन लावलंय.

हातमोजे घालते. कागदी पट्टी लावते.
माकडहाडावर. लांबी सात, रुंदी पाच.
जखम घड्याळासारखी वाचायची असते,
डोकं म्हणजे बारा, पाय म्हणजे सहा.
कापसाची काडी आत सरकते, सरकतच जाते,
आणि मी मोठ्यानं सांगते, लिहून घ्या:
दहापासून दोनपर्यंत कातडीखाली पोकळ.
पाटणकर मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात.

रात्रपाळीच्या ज्योत्स्ना टोप्पोला गच्चीवरच्या खोलीतून
झोपेतून उठवून आणलंय.
सिमडेग्याची, बावीस वर्षांची, कमरेला पट्टा.
‘एकोणीस खाटा, मी एकटी.
बाईंना ओढलं तर कातडी चादरीला राहते, मॅडम.
मग मी वळवत नाही. नुसता पाठीखाली हात घालून बसते.’
आणि या खुणा?
‘पेन ऑफिसात असतो.’

मी तक्ता पुन्हा पाहते.
नऊ, दहा, अकरा तारखेला इंदुमतीबाई सायनला दाखल होत्या.
इथं त्यांची कूस बदलत राहिली,
रिकाम्या खाटेवर,
न चुकता.

एवढ्यावर अहवाल उभा राहील.
पाटणकर म्हणतील, बाया मिळत नाहीत, टिकत नाहीत,
आणि ते खोटंही नाही.
आणि मी? नोकरीचं दुसरं वर्ष, मुलांचा वॉर्ड,
पहाटे पाचला रात्रभराचा ताप एका दमात भरला होता:
अठ्ठ्याण्णव चार, अठ्ठ्याण्णव सहा.
तो मुलगा वाचला,
म्हणून माझी अक्षरं कुणी वाचली नाहीत.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

खिडकीबाहेरून मोनोरेल जाते. डब्यात एकच माणूस, उभा.

‘रेडकरबाई, दुखतंय का?’
त्या बराच वेळ गप्प.
मग एकदम स्वच्छ, सरकारी, गोड आवाजात:
‘लाइनवर राहा.’

ज्योत्स्ना चादरीची दोन टोकं धरते, दोन मी.
उचलायचं, ओढायचं नाही.
एक, दोन.
एवढंसं शरीर,
आणि वळायला किती माणसं लागतात त्याला.
उजव्या कुशीवर. पाठीला उशी,
गुडघ्यांमध्ये घडी घातलेला टॉवेल.
खिळ्यावरची दोरी सोडवून मी त्यांच्या बोटांना गुंडाळते.

ज्योत्स्ना माझ्याकडे पेन मागते.
चारचा रकाना कधीच भरलेला आहे.
आजचा सहाचाही.
ती समासात लिहिते, सावकाश, वाकड्या आकड्यांत:
४.१७. उजवी.