ऊन चढायच्या आत

देवानंद सुट्टीवर आला होता तेव्हा
जिनिंगच्या आवारात, फरदडीच्या गंजीवर
हात ठेवून म्हणाला,
"माय, हे पाय. असाच राहते तिथं बर्फ.
दिसाले एक, पण आत थरावर थर,
एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही."
मी म्हटलं, कडाक्याच्या थंडीत पडत असंल मंग.
"तवाही पडते. पण चैत लागला का बात येगळी.
रात्री गोठून दगड,
सकाळी बूट वाजतात त्याच्यावर.
दुपारी ऊन लागलं का वरचं पाणी
झिरपत झिरपत बुडापर्यंत जाते,
खालच्या जमिनीले तेल लावल्यावाणी करते.
मंग एकदम सारा उतार
उठून चालू लागते."

म्हणून ते रात्री दोनला निघतात,
दहाच्या आत पार.
मला हसू आलं. आम्हीही तर
मोहाखाली अंधारातच जातो.
आमचं पडलेलं वेचायला,
त्यांचं पडायच्या आत निसटायला.

आता तो तिकडे. इथे पळस पेटलाय
पाटणबोरीच्या रस्त्यानं,
काट्यावरचा भोयर रोज सांगतो
आज चाळीस, आज एक्केचाळीस,
जणू कापसाचा भाव वाढला.
इथलं ऊन तिथं जात नाही, ठाऊक आहे मला.
तरी प्रत्येक आकड्याला
पोटात काहीतरी पाझरतं.

रात्री अंगणात पांघरूण बाजूला सारून झोपते.
पहाटे अंगावर काटा आला की बरं वाटतं,
तिकडेही गोठत असेल.

आज सव्वादहा झाले. फोन नाही.
रेंज नसंल, भोयर म्हणतो.
ऊन पत्र्यावरून उतरून गंजीवर आलं
आणि वरून मुठीएवढा एक गोळा
आपसूक सुटला,
गडगडत येऊन माझ्या पायाशी थांबला.
कोणी हात लावला नव्हता.
देवानंद म्हणाला होता,
आधी असे लहान लहान येतात.

गंजीच्या बुडाशी सुनंदाचं लेकरू
लुगड्याच्या झोळीत झोपलेलं.
मी झोळीची गाठ सोडली,
त्याला उचलून लांब, लिंबाखाली नेलं.
"काहून वं?" सुनंदानं विचारलं.
काही नाही, म्हटलं.
ऊन आलं तिथं.