पीठ

विद्यापीठाची जीप मी चालवतो. लुमाण्णा पावशे,
पगारपत्रकावर फक्त 'चालक'.
दुभाष्या असं कुठं लिहिलेलं नाही,
त्याचे वेगळे पैसेही नाहीत.
पण बेकिनकेऱ्याच्या बांधाला जीप लागली
की दाराआधी तोंड उघडावं लागतं मला.

मागच्या सीटवर नीलगंगा मॅडम,
धारवाडची कन्नड, कडक भाकरीसारखी कुरकुरीत.
समोर तांबड्या मातीत उकिडव्या बसलेल्या बाया,
ओच्यात रताळी, तोंडात आमची बेळगावी मराठी,
'काय की गा' म्हणत वाक्य अर्ध्यात सोडून देणारी.

"कुठनं आलासा?" यल्लूबाईनं विचारलं.
"विद्यापीठातनं."
कुदळीवर हनुवटी टेकून ती हसली.
"विद्येचं बी पीठ काढत्यात? कुठल्या गिरणीत?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं.
आता हे कन्नडमध्ये कसं न्यायचं?
तिकडं पीठ म्हणजे हिट्टु, आणि विद्यापीठ म्हणजे विश्वविद्यालय,
विनोद चेकपोस्टवरच अडकला.
मी शब्दाला शब्द लावून कसाबसा पलीकडं ढकलला,
तर मॅडम हसल्याच नाहीत.
म्हणाल्या, "बरोबर आहे. पीठच करायचंय."

मार्केट यार्डात जातात ती सरळ, गुलाबी, एका मापाची.
कुदळ लागलेली, बोटाएवढी, मुळासारखी पिळवटलेली
बांधावरच राहतात, म्हशींसाठी.
त्यातली सहा पोती जीपमध्ये घातली मी.
परतीच्या वाटेवर गाडीला मातीचा वास,
हिंडलगा येईपर्यंत मॅडम खिडकी उघडी ठेवून गप्प.

प्रयोगशाळेत चकत्या झाल्या, वाळल्या, दळल्या.
आठव्या दिवशी डबा उघडला:
राखेसारखं काळपट.
"कप्पागैति," मॅडम पुटपुटल्या.
दुसरी खेप तशीच. तिसरीला वरून शेरा आला,
यंत्राचं वीजबिल कोण भरणार म्हणून.

पुन्हा बेकिनकेरे. काळ्या पिठाची पुडी
मॅडमनी स्वतः यल्लूबाईच्या तळहातावर ठेवली.
तिनं हुंगलं, जिभेला लावलं, थुंकली नाही.
"बाई, केळफूल चिरल्यावर कशात टाकतीस?"
मी सांगायच्या आत मॅडमनी उत्तर दिलं,
"मज्जिगे."
"हां, ताक. मग ह्याला का न्हाई?"

त्या दिवशी माझं काम तिथंच संपलं.
ताकाच्या निवळीत किती वेळ, किती आंबट,
दोघी बोटांवर मोजत राहिल्या,
ही मराठीत, ती कन्नडमध्ये,
मी जीपच्या बॉनेटवर बसून शेंगा खाल्ल्या.

पुढची खेप सायीच्या रंगाची.
मॅडमनी वहीत आंबटपणाचा आकडा लिहिला, तापमान लिहिलं,
आणि 'संदर्भ' लिहायच्या रकान्यात,
जिथं एरवी परदेशी जर्नलांची नावं असतात,
तिथं: यल्लूबाई गावडे, बेकिनकेरे, तोंडी.
वरच्या साहेबांनी त्याखाली लाल रेघ ओढली.
मॅडमनी पान पुन्हा टाईप केलं, नाव तसंच ठेवलं,
रेघ पुन्हा आली. किती वेळा ते मला ठाऊक नाही,
फाईल न्यायला मला पाच वेळा पाठवलं, एवढंच.

आता सोसायटीच्या गोदामात एक वाळवण-यंत्र आहे,
त्याच्या कडेला विद्यापीठाचा पत्रा ठोकलेला.
पंधरवड्याला नमुना घेऊन जातो मी,
ओलावा किती, बुरशी आहे का, ते कागदावर येतं,
त्या कागदाचे पैसे लागत नाहीत.
बिस्किटवाला अनगोळहून स्वतः येतो.
सगळं सुरळीत आहे असं नाही:
लाईट जाते, एकदा तर उंदरांनी पोतं फोडलं.

परवा पिशवीचं लेबल दाखवायला गेलो.
वर कन्नड, खाली मराठी, मधे एक जाड काळी रेघ.
यल्लूबाईनं चष्मा पुसला, दोन्हीकडचं बघितलं,
वाचता तिला एकही येत नाही.
नख रेघेवर ठेवून म्हणाली,
"हे काय, लुमाण्णा?"
"डिझाईन हाय, आज्जी."
"जागा फुकट घालवलासा की. पुसा ते.
तिथं वजन लिवा."