कालखंड अज्ञात

मुहर्रकमध्ये, जिथे गाडी शिरत नाही
आणि शिडी आडवी धरून न्यावी लागते अशा गल्लीतल्या
एका घराचा एसी बंद पडला, म्हणून कंपनीनं मला पाठवलं.
दाराशी पोचलो आणि पान्हा हातातच राहिला.

हे दार मी खांद्यानं ढकलायचो.
खालून कुजलेलं, मांजरं त्या फटीतून जात-येत.
आता त्याला तेल पाजलंय,
खिळ्यांच्या पितळी टोप्या मोजाव्यात अशा,
आणि आत जायला दिनार पडतो.
माझ्या गळ्यात पास होता.

मर्वा नावाची मुलगी चार पाहुण्यांना सांगत होती:
इथे बसायचे युसुफ बिन हुवैल,
लाल कापडावर मोती ओतून, चाळणीमागून चाळणी.
भाव तोंडानं बोलत नसत,
रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबत.
मग जपानहून पिकवलेले मोती आले.
त्यांनी आधी तराजू विकला, मग होड्या,
मग वरच्या मजल्याची सागवानी दारं, एकेक.
पुढे इथे मुलींची शाळा भरे.
माझी आजी याच खोलीत अलिफ गिरवायला शिकली,
(हे सांगताना ती पाठ केलेलं विसरली, थोडी हसली)
आणि त्यानंतर
बरीच वर्षं घर रिकामं होतं.

रिकामं.
मी शिडी टेकवली.

अकरा जण होतो आम्ही, गाद्या सहा.
रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा आडवा व्हायचा,
गादी कधी गार पडली नाही.
ज्या कोनाड्यात आता काचेमागे तराजू आहे
(विकलेला नव्हे, दुसराच कुठला तरी)
तिथे आमचा स्टोव्ह, आणि सुकटीचा डबा,
ज्याच्यावरून सिल्हेटचा मोतालिब आणि गुहागरचा म्हसकर
दोन महिने बोलत नव्हते.
टेबलफॅन एकच. मान फिरवायचा.
आपल्याकडे येईपर्यंत जो तो डोळे मिटून थांबायचा.
ऑगस्टात गच्चीवर, ओली चादर पांघरून.
दळवी बायकोला पत्र लिहीत नसे, कॅसेट भरे.
एकदा ऐकवली आम्हाला. सबंध एक बाजू
खोकला, आणि मधेच, 'हं, तर मग'.

वाऱ्याचा मनोरा आहे अजून.
वरून काच बसवलीय,
नाहीतर माझी गार हवा निसटते.

कंडेन्सर वाळूनं चोंदला होता. झाडला, धुतला.
तेवढी पाऊणएक तास यंत्रणा बंद,
आणि भिंतींना घाम फुटला. ओल्या चुन्याचा वास.
पाहुणे वहीनं वारा घेऊ लागले.
त्या घराचा खरा वास तेवढाच वेळ आला.

आतल्या युनिटशी गेलो तेव्हा
सवयीनं पिशवी अडकवली.
तिथे खिळा असणारच, हे हाताला ठाऊक होतं.
'ओ भाई!' गार्ड धावत आला,
'हात नका लावू, जुनं आहे.'
खिळ्याखाली पाटी होती, क्रमांक एकेचाळीस:
लोखंडी खिळा. मोती ओवण्याच्या दोरीसाठी असावा.
कालखंड अज्ञात.

रमजानात ठोकला होता, दगडानं,
उपास सोडायला आलेल्या मोतालिबच्या भावाचा सदरा टांगायला.
दोनदा वाकला. अजून वाकडाच आहे.

'हो, जुनं आहे,' म्हटलं, पिशवी उतरवली.
गार्ड चितगावचा. राहतो कुठे विचारलं.
म्हणाला, हिद्दला, आठ जणांत. खोली बरी आहे,
मालक म्हणतो, पुढच्या वर्षी पाडायची किंवा ठेवायची,
अजून ठरलेलं नाही.

गार हवा सुटली. पाहुणे 'आऽऽ' म्हणाले.
मर्वानं सही केली.
आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो: याआधीची भेट.
तारीख पाठ होती.
रेघ ओढली.