आठव्या दिवशी

पहिल्या दिवशी काजूच्या चिकाने
बोटं अशी पोळली
की संध्याकाळी मिठाची चिमूटसुद्धा धरवेना.
बाबली आजगावकर, मुकादम,
राखेची वाटी माझ्यापुढे सरकवत म्हणाला,
"सात दिस जाळता ह्यो चीक.
आठव्या दिसाक माका येवन सांग."
आणि पुढच्या पाटाकडे गेला.

सात दिवस मी काम सोडायचंच ठरवत होते.
आठव्याला त्याने फाटकातच विचारलं,
"काय गो, हात?"

मग मालकाचा मुलगा पुण्याहून शिकून आला.
शेडच्या पत्र्याखाली स्पीकर टांगला.
आपण सगळे एक कुटुंब आहोत, म्हणाला,
आणि शिखरांबद्दल बरंच काही.
वेंगुर्ल्यात शिखर म्हणजे देवळाचं.
रोझलीन माझ्या कानाशी पुटपुटली,
"कुटुंब? मगे माझा नाव सांग बघया."
टाळ्या आम्ही वाजवल्या.
त्या दिवशी वजन तीन किलो कमी भरलं.

बाबली काही देवमाणूस नव्हता.
अर्धा शब्द तंबाखूबरोबर गालातच ठेवायचा,
उरलेल्या अर्ध्यात शिवी असायची.
पण बॉयलरची वाफ जास्त झाली
आणि निम्मा माल पाकळी होऊन पडला, तेव्हा
मालकाच्या टेबलासमोर, आम्हा सगळ्यांच्या देखत,
तोंड धुऊन येऊन तो म्हणाला,
"चूक माझी आहे. वाफेवर मी उभा होतो.
बायकांच्या पैशांना हात लावू नका."
शुद्ध बोलला. तेवढं एकदाच.
त्या रात्री कुणी थांबा म्हटलं नाही.
मोतेसची रिक्षा बाहेर हॉर्न वाजवून वाजवून
रिकामीच शिरोड्याला गेली.

आता मुकादम मी.
त्याचा आवाज गेल्या वर्षी ऑपरेशनमध्ये गेला;
उभादांड्याला भेटायला गेले की
पाटीवर खडूने लिहितो, वेडंवाकडं,
"आज वजन किती?"

कंपनीने मला छापील कागद दिलाय,
सकाळी काय बोलायचं, कुठे थांबायचं,
कंसात लिहिलंय: स्मित करा.
मी पाठ केला, अगदी कवितेसारखा.
सोमवारी बोलायला उभी राहिले,
तर मागच्या पाटावर तुळसची नवी मुलगी, अफसाना,
दोन्ही हात ओढणीत गुंडाळून बसलेली,
माझ्याकडे न बघता.

कागद पोलक्यात खोचला.
राखेची वाटी उचलली.
पाटांच्या मधून चालत तिच्यापर्यंत गेले,
बाकीच्या बघत राहिल्या.

आज पाचवा दिवस.